फिर्याद आणि तिची पोच

चोरी झालेला, मार खाल्लेला, फसवला गेलेला किंवा घरचे माणूस हरवल्यामुळे भांबावलेला नागरिक ज्या घटकेला पोलीस ठाण्याची पायरी चढतो, त्या घटकेला राज्यसंस्था या अमूर्त कल्पनेला त्याच्यापुरते मूर्त रूप प्राप्त होते. आणि मेजापलीकडे बसलेला ठाणे अंमलदार त्याची कैफियत ऐकून घेतो की नाही, ती लिहितो की नाही, लिहिलेले वाचून दाखवतो की नाही आणि त्याची नक्कल हाती देतो की नाही, एवढ्या चार क्रियांवर त्या नागरिकाचा कायद्यावरील विश्वास पुढे आयुष्यभर तगतो किंवा कोमेजतो. तपास, आरोपपत्र, साक्षीपुरावा आणि शिक्षा ही न्यायप्रक्रियेची पुढली प्रकरणे होत. तिचे पहिले पान फिर्यादीचे असते, आणि जे पान लिहिलेच गेले नाही त्याच्या पुढची प्रकरणे कोणत्याही न्यायालयास वाचता येत नाहीत. हे पहिले पान लिहिण्याच्या कामी संगणक, मोबाईल आणि इंटरनेट यांचे साहाय्य कितपत होऊ शकते, आणि त्या साहाय्याने पोलीस व जनता यांच्यातील सहकार्य खरोखर वाढते की पूर्वी कपाटात साचणारा ढीग आता पडद्यावर साचतो एवढाच फरक पडतो, हा या पुस्तकाचा विषय आहे.

या विषयाचा विचार भिवंडीस मध्यभागी ठेवून का करावा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे; कारण यंत्रसामग्रीच्या दृष्टीने पाहू गेल्यास मुंबई आणि पुणे ही शहरे पुष्कळ पुढे आहेत. परंतु पोलीस आणि प्रजा यांच्यातील नाते तुटते कसे, जुळते कसे आणि जुळलेले पुन्हा विसकटते कसे, याचा जितका सलग आणि जितका कठोर अनुभव या शहराच्या वाट्याला आला, तितका महाराष्ट्रातील क्वचितच दुसऱ्या शहराला आला असेल. २०११ च्या जनगणनेत सुमारे सात लाख लोकसंख्या नोंदलेले, यंत्रमागांच्या खडखडाटात रात्रंदिवस जागे असणारे, मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या अवाढव्य गोदामांनी अलीकडे चहूबाजूंनी वेढलेले हे शहर कोकणी मुसलमान, आगरी, मराठा, तेलुगू भाषक पद्मशाली आणि उत्तर प्रदेश व बिहार येथून आलेला कामगारवर्ग या सर्वांचे मिळून बनले आहे. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या चार भाषांत येथे फिर्याद सांगितली जाते; ती लिहिली जाते मात्र एका भाषेत. जे साधन या गर्दीत, या भाषाभेदात आणि या जुन्या संशयाच्या वातावरणात उपयोगी ठरेल ते महाराष्ट्रात कोठेही उपयोगी ठरेल, अशी माझी श्रद्धा आहे.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत जी दंगल उसळली आणि जिचे लोण जळगाव व महाड येथवर पोहोचले, तिच्या चौकशीसाठी राज्य शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमला. या आयोगाचा अहवाल दंगलीच्या कारणांपुरता मर्यादित नाही. दंगलीनंतर गुन्ह्यांचा तपास कसा झाला, याचीही त्याने बारकाईने छाननी केली, आणि त्यासाठी नेमलेल्या विशेष तपास पथकाच्या पक्षपातावर व निरपराधांना गोवण्याच्या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. प्रशासनाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग मुळातून वाचावा. कारण दंगलीत जळालेले घर काही वर्षांत पुन्हा उभे राहते, पण ज्याची फिर्याद घेतली गेली नाही किंवा ज्याचे नाव खोट्या फिर्यादीत घुसडले गेले, त्याच्या कुटुंबात पोलिसाविषयीचा अविश्वास वारसाहक्काने पुढील पिढीकडे जातो. १९८४ च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली. त्या वणव्यात मुंबई व ठाणे परिसर धरून अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. चौदा वर्षांच्या अवधीत पोलीस दल, कायदे आणि नोंदवह्या सर्व काही अस्तित्वात होते; नव्हता तो एवढाच: गल्लीत कुजबुजली जाणारी गोष्ट वेळेवर ठाण्यापर्यंत आणि ठाण्याचे म्हणणे वेळेवर गल्लीपर्यंत नेणारा, दोन्हीकडच्यांना आपला वाटणारा असा मार्ग.

तो मार्ग घालून देण्याचे श्रेय १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांना निःसंशय दिले पाहिजे. मागील दंगलींचा त्यांनी अभ्यासकाच्या चिकाटीने धांडोळा घेतला आणि एक साधा पण मूलगामी निष्कर्ष काढला: सणासुदीच्या आदल्या दिवशी प्रतिष्ठित मंडळींना बोलावून, चहा पाजून आणि निवेदनावर सह्या घेऊन विसर्जित होणाऱ्या शांतता समित्यांचा गल्लीतल्या माणसाशी काही संबंध नसतो. त्यांनी शहरभर मोहल्ला समित्या उभारल्या, त्यांत हिंदू आणि मुसलमान दोहोंना स्थान दिले, पुढाऱ्यांऐवजी दुकानदार, मागावरचा कामगार, शिक्षक व गृहिणी अशा सामान्यांना बोलावले आणि प्रत्येक समितीशी त्या भागाच्या पोलिसाची गाठ घालून दिली. बैठकीत धर्माचे प्रश्न क्वचित निघत. बहुधा निघत ते नळाचे, गटाराचे, भाडेकरूचे, छेडछाडीचे आणि शेजारच्या भांडणाचे प्रश्न. आणि याच क्षुल्लक भासणाऱ्या प्रश्नांच्या निमित्ताने पोलीस शिपायाला माणसांची नावे आणि माणसांना पोलीस शिपायाचे नाव ठाऊक झाले.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या महिन्यांत, ज्यांत श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली, त्याच महिन्यांत दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती आणि त्यांच्यानंतर आलेले उपायुक्त गुलाबराव पोळ यांनी समित्यांचे काम पुढे चालवले होते. या घटनेची खोपडे यांनी स्वतः ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकात मीमांसा केली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हिंदू-मुस्लिम संबंधांचा विचार करताना भिवंडीच्या प्रयोगाची आवर्जून दखल घेतली. आणि मुंबईतही दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे व तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. भिवंडीकडून राजधानीने धडा घ्यावा, असा हा विरळा प्रसंग होता.

परंतु या कथेचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा आहे. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत, एका नियोजित पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून पेटलेल्या वादात, पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक मरण पावले आणि जमावाच्या हल्ल्यात दोन पोलीस शिपाई ठार झाले. ज्या शहराने पोलिसाला आपल्या बैठकीत बसवून घेतले होते, त्याच शहरात पोलीस ठाण्याची इमारतच भांडणाचे कारण व्हावी, यासारखी विषण्ण करणारी गोष्ट नाही. मोहल्ला समित्यांचा प्राण अधिकाऱ्याच्या आस्थेत होता. अधिकारी बदलले, आस्था पातळ झाली, बैठकींमधील अंतर वाढले, आणि पूर्वी काय ठरले होते, कोणाची कोणती तक्रार कोठवर आली होती, हे पडताळून पाहता येईल असा टिकाऊ लेख नागरिकाच्या हाती उरला नव्हता. या अनुभवातून मी जे सूत्र काढतो, तेच या पुस्तकाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे: मोहल्ला समितीने नागरिकाला उत्तर दिले, पण बदलीनंतरही टिकेल अशी नोंद दिली नाही, आजची संगणकीय यंत्रणा नोंद देते, पण उत्तराची हमी देत नाही, आणि ही दोन अर्धी कामे एकत्र आल्यावाचून पोलीस व जनता यांचे सहकार्य स्थिर पायावर उभे राहणार नाही.

नोंदीचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. पेशवाईच्या अखेरीस गावचा जागल्या किंवा रामोशी चोराचा माग शिवेपर्यंत काढीत असे आणि तो दुसऱ्या गावच्या रखवालदाराच्या स्वाधीन करीत असे. माग जेथे हरवेल तेथील गावावर जबाबदारी येई. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या प्रतिवृत्तात या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. तिच्यात लेखणीचा वापर अत्यल्प होता, पण उत्तरदायी कोण हे गावाला तोंडपाठ होते. इंग्रजी अमदानीत १८६१ चा पोलीस कायदा आला, फौजदारी प्रक्रिया संहिता आली, आणि लेखी खबरीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. १८९८ व १९७३ या दोन्ही संहितांच्या कलम १५४ अन्वये दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेणे, ती वाचून दाखवणे व तीवर सही घेणे ठाण्याच्या अंमलदारावर बंधनकारक झाले. कागदावर हा नागरिकाचा मोठाच हक्क होता. व्यवहारात मात्र ज्या वहीत तो उतरावयाचा ती वही, ती उघडण्याची वेळ आणि ती भरणारी लेखणी ही तिन्ही एकाच पक्षाच्या हाती राहिली.

गुन्हा दडपण्याची प्रवृत्ती पोलिसांच्या अंगभूत दुष्टपणातून उपजते, असे मानणे अन्यायाचे होईल. ज्या व्यवस्थेत नोंदलेल्या गुन्ह्यांची संख्या वाढली की विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, वृत्तपत्रांत मथळे येतात आणि वरिष्ठांकडून खुलासा मागवला जातो, त्या व्यवस्थेत ठाण्याचा प्रभारी अधिकारी आकडा खाली ठेवण्याचा मोह कसा टाळणार? मग चोरीस गेलेला मोबाईल ‘गहाळ’ म्हणून लिहिला जातो, गंभीर मारहाण अदखलपात्र म्हणून उरकली जाते, ‘ही आमची हद्द नव्हे’ असे सांगून फिर्यादीला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्याकडे पिटाळले जाते, आणि सूत किंवा कापड उधारीवर उचलून पसार झालेल्या व्यापाऱ्याविरुद्ध आलेला लहान यंत्रमागधारक ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ हे वाक्य ऐकून परत फिरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात, खबरीवरून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर तो नोंदवणे अनिवार्य आहे, असा निःसंदिग्ध निर्वाळा दिला. आणि सर्वोच्च न्यायालयानेच ७ सप्टेंबर २०१६ च्या आदेशान्वये, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रत्येक एफआयआर सामान्यतः चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवण्याचे बंधन घातले. न्यायालयाचा हा दुसरा आदेश पाळता येण्याजोगा झाला, तो संगणकामुळे. हक्क आणि साधन यांची येथे भेट झाली.

त्या साधनांचा इतिहास फार लांबचा नाही. गुन्हे व गुन्हेगार यांची देशव्यापी जाळ्यात नोंद ठेवणाऱ्या सीसीटीएनएस या प्रकल्पास केंद्र शासनाने २००९ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्रात तो २०१५ मध्ये कार्यान्वित झाला आणि राज्यातील एक हजारांहून अधिक पोलीस ठाणी एका सूत्रात बांधली गेली. स्टेशन डायरीची पाने मागाहून भरण्याची, दोन नोंदींच्या मध्ये जागा कोरी सोडण्याची जुनी सोय त्यामुळे पुष्कळशी संपली. कारण नोंद झाल्याची वेळ आता यंत्र स्वतः टिपते. आपत्काळासाठी ११२ हा एकच क्रमांक आला, ज्यावर आलेली हाक नियंत्रण कक्षातून जवळच्या गस्ती वाहनाकडे जाते आणि वाहन केव्हा पोहोचले हेही लिहिले जाते. सायबर गुन्ह्यांसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. पाठोपाठ आलेल्या आर्थिक फसवणुकीच्या मदतवाहिनीचा क्रमांक आज १९३० असा आहे. फसवणूक झाल्याबरोबर तेथे कळवल्यास पैसे ज्या ज्या बँकेत पळवले गेले तेथे ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. येथे एक तासाचा विलंब म्हणजे कित्येकदा आयुष्याच्या पुंजीचा नाश असतो. हरवलेल्या किंवा चोरलेल्या मोबाईलची ओळखसंख्या बंद करणारी सीईआयआर ही व्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्रातच आली आणि मे २०२३ मध्ये देशभर पसरली. ज्याचे कुटुंब हजार मैलांवर आहे, ज्याची मजुरी, ज्याची बँक आणि ज्याच्या मुलाचा आवाज एकाच मोबाईलमध्ये सामावलेला आहे, त्या भिवंडीच्या मागावरच्या कामगाराला ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगणे नलगे.

या सर्वांहून दूरगामी बदल घडवला तो १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने. तिच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. ती तोंडी देता येते, तशीच इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठवता येते, आणि अशी पाठवलेली खबर देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तीवर सही केली म्हणजे ती अभिलेखावर घेतली जाते. तिची नक्कल फिर्यादीला किंवा पीडिताला विनामूल्य मिळते. कलम १९३ त्याहून पुढे जाते: तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरवते, आणि तेही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून करण्यास मुभा देते. पहिल्या तरतुदीचा गाजावाजा पुष्कळ झाला. दुसरीकडे मात्र फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. माझ्या मते खरी क्रांती या दुसऱ्या तरतुदीत आहे. कारण तिच्यामुळे फिर्याद हा नागरिकाने एकदा टाकलेला आणि पुन्हा कधी न दिसणारा अर्ज न राहता, ज्याचे उत्तर मुदतीत मागता येते असा व्यवहार होतो.

येथे उत्साहाला आवर घालणे आवश्यक आहे. शांतीनगर किंवा नारपोलीच्या वस्तीत एका खोलीत आठ-दहा जणांसह राहणारा, बारा तासांची पाळी करणारा, भाडेकरार ज्याच्या नावावर नाही आणि ज्याचे आधारपत्र गावच्या पत्त्याचे आहे असा कामगार ऑनलाईन तक्रारीचा नमुना उघडतो तेव्हा त्याला पहिलाच अडथळा पत्त्याच्या रकान्याचा येतो. मोबाईल घरात एकच असेल आणि तो नवऱ्याजवळ असेल, तर नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध बाईने कोणत्या ॲपवर दाद मागावी? आपल्या भाषेत बोलता येते पण लिहिता येत नाही, अशा माणसाची फिर्याद दुसरा कोणी भरून देतो, आणि तो दुसरा पैसे घेणारा दलाल निघाला तर जुन्या अर्जनवीसाच्या सर्व दोषांसह नवा मध्यस्थ जन्माला येतो. आणि हे सर्व ओलांडून फिर्याद पोहोचलीच, तर तिच्या पोचेचा क्रमांक मोबाईलवर येतो. पण तो क्रमांक घेऊन कोणाला भेटावे, त्या माणसाचे नाव काय, तो केव्हा भेटेल, हे त्या संदेशात नसते. ज्या पोचेपाठीमागे मनुष्य उभा नाही, ती पोच निराशेची तारीख तेवढी निश्चित करते.

याहूनही भयंकर गोष्ट अशी, की ज्या मोबाईलवरून फिर्याद जाते त्याच मोबाईलवरून अफवाही येते, आणि अफवेला सही, पत्ता किंवा हद्द यांची आवश्यकता नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या, व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवेने पिसाळलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. त्या गावात मोबाईल होते, संदेश होते. पण आलेला संदेश खरा की खोटा हे ज्याला विचारावे आणि ज्याच्या शब्दावर थांबावे असा पोलीस लोकांच्या ओळखीचा नव्हता. १९९२ च्या डिसेंबरात भिवंडीत मुंबईहून येणाऱ्या बातम्या कमी भयानक नव्हत्या; त्यांची शहानिशा करणारी माणसे गल्लोगल्ली होती, एवढाच काय तो भेद. परदेशातील अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. केनियात निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचाराच्या वेळी जानेवारी २००८ मध्ये तेथील तरुणांनी ‘उशाहिदी’ नावाची व्यवस्था उभारली आणि सामान्य माणसांनी मोबाईलवरून कळवलेल्या घटना नकाशावर मांडल्या. जगाला त्यामुळे बरेच कळले. परंतु कळणे आणि धावून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट नकाशाला करता येत नाही. त्याच वर्षी केरळात सुरू झालेल्या ‘जनमैत्री’ योजनेने उलट टोकापासून आरंभ केला: बीटवरच्या पोलिसाने आपल्या हद्दीतील घरोघरी जाऊन ओळख करून घ्यावी, हा तिचा गाभा होता. या दोन प्रयत्नांना एकमेकांची नितांत गरज होती, असे मला वाटते.

तर मग भिवंडीसारख्या शहरात या दोहोंचा संयोग कसा घडवावा? माझ्या मते त्याची रूपरेषा अवघड नाही. मोहल्ला समितीची बैठक पुन्हा नियमाने भरावी, आणि तिच्या आरंभी त्या बीटमधून मागील महिन्यात आलेल्या तक्रारींचा गोषवारा, फिर्यादींची नावे पूर्णपणे वगळून, मराठी, उर्दू, हिंदी व तेलुगू भाषांत वाचला जावा: किती आल्या, किती नोंदल्या, किती निकाली निघाल्या, कोणत्या अडल्या आणि का. संगणकात ही माहिती आजही असते. ती वरिष्ठांच्या आढावा बैठकीपर्यंत चढते, तिला गल्लीपर्यंत उतरण्याचा रस्ता तेवढा करून द्यावयाचा आहे. ज्याला लिहिता येत नाही त्याची फिर्याद त्याच्याच भाषेत, त्याच्याच आवाजात मुद्रित करून घ्यावी, म्हणजे लिहिणाऱ्याच्या लेखणीतून जे गळते ते मूळ ध्वनीत शिल्लक राहील. प्रत्येक पोचेवर बीट अंमलदाराचे नाव आणि भेटीची वेळ असावी. बदली झाल्यावर त्याचा अधिकृत मोबाईल क्रमांक व अपुऱ्या कामांची यादी नव्या अंमलदाराकडे समितीच्या समक्ष सुपूर्द व्हावी. स्त्रियांची बैठक स्वतंत्र असावी आणि तिच्यात महिला पोलीस अंमलदाराने बसावे. आणि अफवा उठेल त्या रात्री समितीच्या सदस्यांपाशी, ज्याच्या शब्दाला वस्तीत किंमत आहे अशा अधिकाऱ्याच्या स्वतःच्या आवाजातील खुलासा काही मिनिटांत पोहोचेल, एवढी तजवीज शांततेच्या दिवसांतच करून ठेवावी.

यावर घेतले जाणारे आक्षेप मी टाळू इच्छीत नाही. पहिला आक्षेप असा, की फिर्याद इतकी सुलभ केली तर खोट्या फिर्यादींचा पूर येईल. खोटी फिर्याद लेखणीच्या काळातही होत होती, आणि मादन आयोगाच्या अहवालाची साक्ष काढावयाची तर ती कधी कधी ठाण्याच्या आतच तयार होत होती. ज्या नोंदीवर वेळ, स्थान आणि ओळख उमटते तीत खोटेपणा पकडणे तुलनेने सोपे जाते. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे, आणि तो खरा आहे. बंदोबस्त, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे आणि न्यायालयाच्या तारखा यांत गुंतलेल्या शिपायाने आणखी एक पडदा उघडून बसावे ही अपेक्षा निष्ठुर ठरेल, जर त्याच माहितीसाठी त्याला आजच्याप्रमाणे वही, संगणक आणि व्हॉट्सॲपचा गट अशा तीन ठिकाणी तीनदा लिहावे लागले. म्हणून नवे साधन देताना जुने एखादे ओझे उतरवलेच पाहिजे, असा दंडक शासनाने स्वतःस घालून घ्यावा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जी यंत्रणा फिर्याद जपते तीच यंत्रणा नागरिकावर पाळतही ठेवू शकते. आणि ज्या शहरात एका समाजाने तपासाच्या नावाखाली पक्षपात भोगला, तेथे ही भीती काल्पनिक म्हणून झटकून टाकणे हा त्या स्मृतीचा अपमान होय. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचे मान्य केले आणि २ डिसेंबर २०२० च्या निकालान्वये पोलीस ठाण्यांच्या आतही कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. या दोन निर्णयांत एक समान तत्त्व आहे, आणि ते मला मोलाचे वाटते: पाहण्याचा अधिकार एकतर्फी असू नये. मोहल्ल्याच्या नाक्यावर कॅमेरा हवा असेल तर ठाण्याच्या कोठडीबाहेरही तो चालू स्थितीत हवा. नागरिकाची माहिती यंत्रात जात असेल तर ती कोणी उघडली याचीही नोंद यंत्रात राहावी. खबर देणाऱ्याचे नाव फुटले तर फोडणाऱ्याचे नाव शोधता यावे. ही परस्परता जेथे नाही तेथे लोकांनी यंत्रापासून दूर राहणेच पसंत केले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

या पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. आरंभीच्या भागात भिवंडीच्या १९७० पासूनच्या अनुभवाचा आणि मोहल्ला समित्यांच्या कार्यपद्धतीचा विचार आहे. मधल्या भागात फिर्याद, पंचनामा, तपास आणि त्यांना लागू झालेली संगणकीय साधने यांचे, कायद्याच्या आधारे, सामान्य वाचकास समजेल असे विवरण आहे. अखेरच्या भागात पोलीस, महानगरपालिका, यंत्रमागधारक व कामगार संघटना, शाळा आणि मोहल्ला यांनी मिळून काय करता येईल याचा आराखडा आहे. वाचक म्हणून माझ्यासमोर जसा नव्याने भरती झालेला पोलीस अंमलदार आहे, तसाच प्रथमच ठाण्यात जाण्याची वेळ आलेला नागरिकही आहे. पहिल्याला मी एवढेच विनवीन, की त्याने फिर्यादीकडे आकड्यात पडणारी भर म्हणून पाहू नये. लोक ज्या ठाण्यात निर्भयपणे येतात तेथील गुन्ह्यांचा आकडा काही काळ वाढणारच, आणि वरिष्ठांनी त्या वाढीबद्दल त्याला जाब विचारण्याऐवजी शाबासकी दिली पाहिजे. दुसऱ्याला मी सांगेन, की नक्कल मागणे, क्रमांक जपून ठेवणे, नव्वद दिवसांनी प्रगती विचारणे आणि शेजाऱ्याच्या फिर्यादीला साक्षीदार म्हणून उभे राहणे ही त्याची कर्तव्ये आहेत. हक्क वापरल्यावाचून तो कोणाच्याही स्मरणात राहत नाही.

शासन दरवर्षी किती ठाण्यांत संगणक पोहोचले, किती कॅमेरे बसले आणि किती तक्रारी ऑनलाईन आल्या यांचे आकडे प्रसिद्ध करते. यापुढे त्यांच्या जोडीने आणखी एक आकडा प्रसिद्ध व्हावा, अशी या पुस्तकाची मागणी आहे: आलेल्या फिर्यादींपैकी कितींना मुदतीत, समजेल अशा भाषेत, जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी उत्तर मिळाले. हा आकडा ज्या वर्षी प्रत्येक मोहल्ल्याच्या बैठकीत वाचला जाईल आणि त्यावर प्रश्न विचारण्यास कोणी कचरणार नाही, त्या वर्षी पोलीस-जनता सहकार्य ही भाषणातली शब्दरचना न राहता नागरिकाला मोजता येण्याजोगी वस्तुस्थिती होईल. १९९२ मध्ये अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी भिवंडीने या सहकार्याचे फळ दाखवून दिले आहे. आज साधने विपुल असताना त्याहून कमी काही स्वीकारण्याचे कारण नाही.